पहिलटकरणीच्या उशाशी कोण?

पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत ‘पहिलटकरीण’ असा स्वतंत्र शब्द आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेच्या बाईला असे वेगळे नाव नाही. पहिल्या खेपेची वाट लांबते, त्या वाटेवर स्वतःच्या अनुभवाचा आधार नसतो आणि म्हणून त्या स्त्रीकडे अधिक लक्ष पुरवले पाहिजे, हे शहाणपण या एका शब्दात साठलेले आहे. बाळंतपण पार पडले की आप्तांना निरोप जात असे तो ‘सुखरूप सुटका झाली’ असा. मुलगा की मुलगी, हे त्यानंतर येई. ज्या काळात हे शब्द रूढ झाले त्या काळात बाई बाळंतपणातून जिवंत उठली, हीच पहिली बातमी होती.

आज ती बातमी राहिलेली नाही, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील शंभरापैकी सुमारे ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ च्या घरात गेले. महाराष्ट्रात ते याच काळात सुमारे ६५ वरून ९५ पर्यंत वाढले. २०१४-१६ या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ती संख्या ९७ झाली, आणि महाराष्ट्रात ती ३३ होती. जननी सुरक्षा योजना (२००५), मोफत प्रसूती व औषधोपचार देणारी जननी शिशु सुरक्षा योजना (२०११), रुग्णवाहिका आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या यांचा या यशात मोठा वाटा आहे.

तथापि, या यशाची एक बाजू आकड्यांत उमटत नाही. पहिलटकरीण आई, सासू, नवरा, बहीण अशा गोतावळ्यासह दवाखान्याच्या दारात येते. केसपेपर निघतो, अंगावर दवाखान्याचा झगा येतो, हातातल्या बांगड्या उतरवून आईच्या स्वाधीन केल्या जातात आणि प्रसूतिकक्षाचे दार तिच्या मागे बंद होते. तिला ओळखणारी सर्व माणसे बाहेरच्या बाकावर राहतात. आयुष्यातले सर्वांत कठीण दहा-बारा तास ती अनोळखी माणसांच्या, अनोळखी शब्दांच्या आणि शेजारच्या खाटांवरून येणाऱ्या किंकाळ्यांच्या सोबतीने काढते. जीव वाचवण्याची व्यवस्था करताना माणसाची सोबत काढून घेणे खरोखरच अपरिहार्य होते काय, हा प्रश्न आता विचारला पाहिजे.

कळांचा क्रम

पहिलटकरणीला सर्वांत आधी छळणारा प्रश्न असतो तो कळा खऱ्या की खोट्या, हा. खोट्या कळा अनियमित असतात. चार पावले चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर त्या ओसरतात. खऱ्या कळा बहुधा कमरेतून निघून ओटीपोटाकडे येतात, त्यांच्यातले अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. कोणाची पाणमोट आधी फुटते, कोणाची अगदी शेवटी. हे लिहिणे सोपे आहे; परंतु मध्यरात्री जागी झालेल्या मुलीला ते अंगावर ओळखणे सोपे नसते. दवाखान्यात जावे तर ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवतील ही धास्ती, न जावे तर उशीर होईल ही दुसरी. अनेकींची पहिली रात्र या दोन भीतींच्या मधे जाते.

पहिल्या खेपेला वेळ का लागतो, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. पहिलटकरणीत गर्भाशयाचे मुख आधी आखूड आणि पातळ होते व त्यानंतर उघडू लागते. पुढच्या खेपांना ही दोन्ही कामे बरीचशी एकदमच होतात. मुख पूर्ण उघडते ते दहा सेंटीमीटर. पहिल्या चार-पाच सेंटीमीटरांना किती तास लागावेत याला निश्चित नियम नाही. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून प्रसूतीच्या गतीचा आलेख मांडला. १९७२ मध्ये तत्कालीन ऱ्होडेशियात फिल्पॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी अशाच आलेखाच्या आधारे, अडलेली बाई वेळीच ओळखून मोठ्या रुग्णालयात हलवण्याची पद्धत बसवली. या आलेखाने असंख्य जीव वाचवले. परंतु तासाला एक सेंटीमीटर हा त्यातून रूढ झालेला हिशेब पुढे इतका पक्का झाला, की त्यात न बसणारी प्रत्येक बाई ‘मागे पडलेली’ ठरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, हा वेग सर्व स्त्रियांना लागू पडत नाही. प्रसूतीची जोमदार अवस्था पाच सेंटीमीटरपासून मोजावी, पहिल्या खेपेला ती साधारणपणे बारा तासांपर्यंत चालू शकते, आणि आई व बाळ दोघांची प्रकृती ठीक असेल तर केवळ गती मंद आहे म्हणून घाई करू नये, असा त्या मार्गदर्शनाचा आशय आहे.

खाटेवरच्या स्त्रीला यातले काहीच माहीत नसते. सहा तासांच्या कळांनंतर ‘तीनच बोटे उघडलंय’ एवढे वाक्य कानावर पडते आणि तिचा धीर सुटतो. आपल्यातच काही उणे आहे असे तिला वाटू लागते. पहिल्या खेपेला असेच होते, सर्व काही रीतसर चालले आहे, हे सांगायला अर्धे मिनिट लागते. आणि ते अर्धे मिनिटच बहुतेक वेळा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट तिला आधी कोणी सांगितलेली नसते. कळ सतत राहत नाही. ती लाटेसारखी चढते, सुमारे मिनिटभर टिकते आणि ओसरते. मधल्या दोन-तीन मिनिटांत अंग सैल सोडता येते, पाण्याचा घोट घेता येतो, कोणाच्या खांद्यावर मान टाकता येते. ज्या स्त्रीला हे ठाऊक असते ती एकेक कळ वेगळी मोजते. जिला ठाऊक नसते ती मधल्या विसाव्यातही पुढच्या कळेच्या भीतीने ताठून राहते आणि दुप्पट थकते.

मुख पूर्ण उघडण्याच्या सुमारास एक विलक्षण टप्पा येतो. अंगाला कंप सुटतो, उलटी होते, आणि आतापर्यंत शहाण्यासारखी वागणारी मुलगी अचानक म्हणते, ‘आता माझ्याच्यानं होत नाही, मला घरी जाऊ द्या.’ अनुभवी सुईण हे शब्द ऐकून निश्चिंत होते, कारण बाळ जवळ आल्याची ही खूण असते. अननुभवी माणूस मात्र घाबरतो किंवा रागावतो. त्यानंतर कळांचे स्वरूपच पालटते. इतका वेळ सोसायचे होते, आता जोर करायचा असतो. बाळाचे डोके पुढे येते, कळ संपताच थोडे मागे सरकते, पुन्हा पुढे येते. पहिल्या खेपेला हा अवधी दोन-तीन तासांचाही असू शकतो. शेवटी आगीसारखी जळजळ, डोके बाहेर, मग एका कळेसरशी सारे अंग. आणि क्षणभराच्या शांततेनंतर टाहो. तो ऐकल्यावर कोणी रडते, कोणी हसते, कोणी नुसतेच छताकडे पाहत राहते. यांपैकी काहीही वावगे नाही.

भीती आणि वेदना

ही वेदना किती खरी आणि किती भीतीने वाढलेली, याचा विचार वैद्यकाने दीर्घकाळ केला आहे. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिंप्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले तेव्हा, स्त्रीने वेदना सोसणे हा ईश्वरी संकेत आहे, असे म्हणणारे लोक होते. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात ते घेतल्यावर या आक्षेपाचा जोर ओसरला. १९३३ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी नेमका उलटा सिद्धांत मांडला: भीतीमुळे शरीर ताठते, ताठल्यामुळे वेदना वाढते आणि वेदनेमुळे भीती वाढते, हे चक्र तोडले तर प्रसूती सुसह्य होते. त्यात तथ्य आहे. घाबरलेल्या शरीरात स्रवणारे ॲड्रिनॅलिन कळांच्या कामात अडथळा आणू शकते. परंतु वेदना म्हणजे केवळ भीती, हा निष्कर्ष खोटा आहे. वेदनांच्या मोजमापाची पद्धत बसवणारे कॅनडाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की पूर्वतयारीचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या वेदना काहीशा कमी होतात, पण नाहीशा होत नाहीत; आणि पहिलटकरणीच्या वेदना पुढच्या खेपेच्या स्त्रियांपेक्षा सरासरीने अधिक असतात. तेव्हा ओरडणारी बाई नाजूक नसते, आणि पाठीत इंजेक्शन घेऊन वेदना कमी करून मागणारी बाई भित्री नसते. दुर्दैवाने ही सोय आजही मुख्यतः मोठ्या शहरांतील पैसेवाल्यांपुरतीच आहे.

एक उपाय मात्र असा आहे, की ज्याला यंत्र लागत नाही आणि औषधही लागत नाही. १९८० मध्ये ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेल्या अभ्यासात काही पहिलटकरणींजवळ एक साधी, अप्रशिक्षित, अनोळखी बाई सतत बसवण्यात आली. तिने पाठ चोळावी, हात धरावा, बोलत राहावे, एवढेच तिचे काम. सुरळीत पार पडलेल्या बाळंतपणांत, दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा वेळ एकट्या राहिलेल्या स्त्रियांत सरासरी सुमारे एकोणीस तास, तर सोबत असलेल्यांत नऊ तासांच्या आत होता. अभ्यास लहान होता, म्हणून तो पुढे अनेक देशांत तपासला गेला. सतरा देशांतील सव्वीस चाचण्या आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतिकाळात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आणि शस्त्रक्रियेचे कमी आढळले, वेळ कमी लागला, आणि अनुभवाबद्दलची कटुताही कमी राहिली. हेच काम एखाद्या गोळीने साधले असते, तर ती गोळी नसलेला दवाखाना निष्काळजी ठरला असता.

जुन्या खोलीचे खरेखोटे

हे वाचून जुन्या काळातील बाळंतिणीच्या खोलीची आठवण होणे साहजिक आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा याच जाणिवेतून आली. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येई. आई, आजी, काकू आणि सुईण यांच्या हाती ती स्वतःला सोपवी. कळा सुरू झाल्या की कोणी कंबर दाबी, कोणी केस मोकळे सोडी, कोणी घरातील कड्याकुलपे उघडी. यातले काही उपयोगाचे होते, काही नुसता विश्वास. पण तिच्या उशाशी तिचे माणूस होते.

तथापि, त्या खोलीचे उदात्तीकरण करून चालणार नाही. तीच खोली बहुधा घरातील सर्वांत अंधारी असे. नाळ कापायला हाताला लागेल ते पाते चाले आणि आठवड्याच्या आत बाळ धनुर्वाताने जाई. चीक काढून टाकला जाई. रक्तस्राव थांबला नाही तर अंगारा हाच उपाय उरे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहाच दिवसांत गेले. पुढे त्या अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. घरातून दवाखान्याकडे निघालेली ही वाट अशी दुःखातून निघालेली आहे. माता व नवजातांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनाचे लक्ष्य भारताने २०१५ मध्ये गाठले, ते याच वाटेवर. मागे फिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या खोलीतील एकच वस्तू नव्या कक्षात न्यायची राहून गेली आहे, आणि ती म्हणजे सोबत.

कागदावरचा हक्क

विशेष म्हणजे ही गोष्ट शासनाला अमान्य नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत ठेवण्यास मान्यता दिली. ती नात्यातील, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत, डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा माफक अटी त्यात आहेत. आणि जेथे आडोशाची व्यवस्था आहे तेथे पतीलाही सोबत राहू देण्याची तरतूद आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या कार्यक्रमात प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणूक ही दर्जाची एक कसोटीच ठरवली गेली.

तरीही अनेक ठिकाणी दार बंदच राहते. याची कारणे केवळ हटवादीपणाची नाहीत. एका खोलीत चार-चार खाटा, मधे पडदा नाही. एकीच्या आईला आत घेतले तर दुसरीची लाज उघडी पडते. एका सिस्टरला एकाच वेळी तीन-चार कळा देणाऱ्या बायका, त्यांच्या नोंदी, नवजात बाळे आणि बाहेरच्या नातेवाइकांचे प्रश्न सांभाळायचे असतात. काही वाईट घडले तर जमाव अंगावर येईल ही भीती तिला असते. अशा स्थितीत नातेवाईक बाहेर ठेवणे तिला सुरक्षित वाटते. परंतु यावरचा उपाय अवघड नाही. दोन खाटांच्या मधला पडदा काही हजारांत येतो. आत बसलेली आई कंबर चोळत असेल, पाणी पाजत असेल, धीर देत असेल, तर सिस्टरचे काम हलकेच होते; आणि जे घडले ते तिने डोळ्यांनी पाहिलेले असल्याने संशयालाही जागा उरत नाही.

थकलेल्या व्यवस्थेच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात त्यांचा हिशेब मात्र मांडलाच पाहिजे. ‘तेव्हा हौस होती, आता ओरडतेस कशाला?’ हे वाक्य किती बायकांनी किती दवाखान्यांत ऐकले असेल याची गणती नाही. ओरडली म्हणून मांडीवर मारलेली चापट, न विचारता केलेली तपासणी, गरज असो नसो घातलेला छेद, बाळ लवकर यावे म्हणून पोटावर दिलेला दाब, या गोष्टी शिस्तीच्या नावाखाली चालत आल्या. पोटावर असा दाब देऊ नये, प्रत्येकीला सरसकट छेद देऊ नये, धोका नसलेल्या स्त्रीला खाऊपिऊ द्यावे, हिंडूफिरू द्यावे, उताणे झोपण्याची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शास्त्र आणि सौजन्य येथे एकाच बाजूला उभे आहेत.

खाजगी दवाखान्यांतील चित्र निराळे, पण निर्दोष नाही. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील सरकारी दवाखान्यांत शंभरापैकी सुमारे १४ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, तर खाजगी दवाखान्यांत ४७. शस्त्रक्रियेने अनेक जीव वाचतात, आणि ज्या पहिलटकरणीला तिची गरज असते तिने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. पण निम्म्याच्या आसपास बाळंतपणे नैसर्गिक रीतीने होऊच शकत नव्हती, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. घाई, मुहूर्त, हिशेब आणि वाट पाहायला लागणाऱ्या मनुष्यबळाचा अभाव, यांचाही त्यात वाटा असणार.

सुटका झाल्यानंतर

बाळ रडले म्हणजे बाळंतपण संपले, असे भोवतालच्यांना वाटते. वास्तविक आईच्या जिवाला मोठा धोका असतो तो याच घटकेला, कारण वार पडताना होणारा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. बाळ बाहेर येताच दिले जाणारे एक साधे इंजेक्शन हा धोका बराच कमी करते. नाळ मिनिटभर तरी थांबून कापणे, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवणे आणि तासाभरात चीक पाजणे, या तीन गोष्टींना खर्च नाही. लागते ती थोडी सवड.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरात पेढे वाटले जात असताना, अनेक पहिलटकरणींना विनाकारण रडू येते. टाके ठणकत असतात, दूध उतरलेले नसते, झोप तुटलेली असते, आणि बाळाकडे पाहून जे उचंबळून यायला हवे होते ते आलेले नसते. ही हुरहूर बहुधा दोन आठवड्यांत ओसरते; ओसरली नाही तर तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल आणि शेक यांनी आपल्या आज्यांनी बाळंतिणीचे शरीर सावरले. मनाचीही तशीच विचारपूस व्हायला हवी.

यासाठी वेळ लागतो, आणि तो देणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले. स्त्री-कामगारांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ मध्ये ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली. शिक्षिका आणि कारकून स्त्रियांना तिचा लाभ मिळतो. ऊसतोडणी करणारी, विटा वाहणारी किंवा घरकाम करणारी पहिलटकरीण मात्र अजून त्या कायद्याच्या बाहेरच आहे.

मातामृत्यूचे प्रमाण खाली आणण्याचे काम पुढे चालूच राहील, आणि ते राहिलेच पाहिजे. पण जिवंत राहणे ही किमान अपेक्षा आहे. पहिले बाळंतपण स्त्री जन्मभर विसरत नाही. त्या दिवशी कोण काय बोलले, कोणी हात धरला आणि कोणी झिडकारला, हे नातवंडे झाल्यावरही तिला लख्ख आठवते. आज बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईलाही पंचवीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे ते तास आठवत असतात, आणि म्हणूनच तिचे डोळे बंद दारावर खिळलेले असतात. त्या दारातून तिला आत घेण्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. २०१६ चा आदेश, एक स्वच्छ झगा आणि एक पडदा, एवढ्यावर ते उद्या सकाळी होऊ शकते.